थोरला बी, धाकटा बी

दिवाळी जवळ आली की पूर्वी घरोघरी दोन याद्या होत असत. एक वाण्याची आणि दुसरी कापडवाल्याची. वाण्याच्या यादीत रवा, मैदा, बेसन, साखर, वेलदोडे. कापडवाल्याच्या यादीत परकर-पोलक्यांचा आणि सदऱ्यांचा हिशेब. हल्ली तिसरी एक यादी होऊ लागली आहे आणि ती बहुधा घरातले सर्वांत धाकटे मूल करते. तीत असे काहीतरी लिहिलेले असते : 'मोबाइल – ८ जीबी, १२८ जीबी. पेन ड्राइव्ह – ६४ जीबी. घरचे नेट – १०० एमबीपीएस.' आजोबा चष्मा पुसून यादी वाचतात आणि विचारतात, "अरे, हे जीबी म्हणजे किती रे?"

नातू म्हणतो, "सोपे आहे, आजोबा! एक जीबी म्हणजे एक हजार एमबी."

तेवढ्यात कॉलेजात जाणारी नात आतून ओरडते, "हजार नाही काही! एक हजार चोवीस!"

आजोबांना वाटते, दोघांपैकी एकाचे चुकत असणार. गंमत अशी की दोघांचेही बरोबर आहे आणि सारी अडचण तिथेच आहे. साखरेचा किलो वाण्याच्या दुकानात एवढा आणि घरच्या डब्यात तेवढा असे कधी होत नाही. संगणकाच्या मेमरीचा 'किलो' मात्र दुकानात एक असतो आणि घरी आणल्यावर दुसराच निघतो. शिवाय 'बी' या एका अक्षराच्या आड दोन निरनिराळी मापे दडलेली आहेत आणि त्यांतले एक दुसऱ्याच्या आठपट आहे!

मी मराठीचा अध्यापक. यंत्रशास्त्रावर अधिकाराने बोलावे अशी माझी योग्यता नाही. परंतु हा घोटाळा नावांनी आणि अक्षरांनी घातलेला आहे. आणि नावांचा व अक्षरांचा प्रश्न आला की भाषेच्या माणसालाही त्यात दोन शब्द बोलण्याचा हक्क पोचतो असे मला वाटते.

आठ पणत्यांची ओळ

आधी मुळापासून पाहू. उंबऱ्यावर एक पणती ठेवली आहे असे समजा. ती पेटलेली असेल किंवा विझलेली असेल. तिसरी अवस्था नाही. संगणकाला जे काही कळते ते एवढेच : आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. अशा एका पणतीएवढ्या माहितीला बिट म्हणतात. हे नाव जॉन ट्यूकी या अमेरिकन गणितज्ञाने सुचवले आणि क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या गाजलेल्या निबंधात ते ट्यूकींचे ऋण मान्य करून वापरले.

एका पणतीने फारसे काही सांगता येत नाही. पण आठ पणत्या ओळीने मांडल्या, तर कोणत्या पेटवायच्या आणि कोणत्या विझलेल्या ठेवायच्या याचे २५६ प्रकार होतात. इंग्रजीची लहानमोठी सारी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांना एवढे प्रकार पुरून उरतात. आठ पणत्यांच्या या ओळीला बाइट म्हणतात. 'दिवाळी' हा शब्द रोमन लिपीत सहा अक्षरांत लिहिला, तर त्याला सहा बाइट जागा लागते. आपल्या देवनागरीला मात्र, आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत, प्रत्येक चिन्हामागे तीन बाइट लागतात. आणि काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे धरली जातात. म्हणजे देवनागरी 'दिवाळी' अठरा बाइटांची. 'ज्ञानेश्वरी' हे नाव लिहिले की तेहतीस बाइट खर्ची पडतात!

बाइट या शब्दाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. वर्नर बुकहोल्ट्स यांनी तो १९५६ साली आयबीएम कंपनीत 'स्ट्रेच' नावाच्या संगणकाची आखणी चालू असताना घडवला. इंग्रजीत 'घास' या अर्थाचा शब्द त्यांच्या मनात होता. पण त्याचे स्पेलिंग त्यांनी मुद्दाम बदलले आणि 'आय'च्या जागी 'वाय' घातला. का? तर लिहिणाऱ्याच्या हातून शेवटचे 'ई' सुटले म्हणजे 'बाइट'चा 'बिट' होऊन बसेल ही भीती! सुरुवातीला बाइटात नेमके किती बिट असावेत याविषयी एकवाक्यता नव्हती. १९६४ साली त्याच कंपनीचा 'सिस्टिम ३६०' हा संगणक आला आणि तेव्हापासून आठ हा आकडा रूढ होत गेला.

ज्या माणसाने घोटाळा होऊ नये म्हणून शब्दाचे स्पेलिंगसुद्धा बदलले, त्याच्या शब्दाचे पुढे काय झाले? लोकांनी बिट आणि बाइट या दोघांचाही संक्षेप 'बी' असाच केला! भेद ठेवला तो एवढाच, की कॅपिटल बी म्हणजे बाइट आणि स्मॉल बी म्हणजे बिट. एकाच घरात थोरले आणि धाकटे असे दोन माधवराव असावेत आणि दारावरच्या पाटीवर फक्त 'माधवराव' एवढेच लिहावे, त्यातलाच हा प्रकार. पाहुण्याने कोणाला हाक मारावी?

शंभर घेतले, बारा मिळाले

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. हिशेबाला अत्यंत चोख. त्यांनी घरी शंभर एमबीपीएसची जोडणी घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी मुलीच्या लग्नाची चित्रफीत उतरवून घेताना पडद्यावरचा आकडा पाहिला. तो बाराच्या आसपास घुटमळत होता. "शंभराचे पैसे घेऊन बारा देतात! हा काय न्याय झाला?" असे म्हणून त्यांनी जोडणी देणाऱ्या तरुणाला आठवडाभर धारेवर धरले. तो बिचारा रोज येई, तारा तपासून बघे आणि "काका, वेग बरोबर आहे" असे सांगून जाई. काकांचा विश्वास बसेना. बसावा तरी कसा?

वस्तुस्थिती अशी की दोघेही खरे बोलत होते. जोडणीचा वेग बिटांत सांगण्याची रीत आहे, म्हणून जाहिरातीतला 'बी' धाकटा : शंभर मेगाबिट दर सेकंदाला. फाइलीचे आकारमान मात्र बाइटांत सांगतात, म्हणून पडद्यावरचा 'बी' थोरला : बारा मेगाबाइट दर सेकंदाला. शंभराला आठाने भागले की साडेबारा येतात. काही अंश वाटेतल्या व्यवस्थेसाठी खर्च होतो, उरले बारा. चोरी कोणी केली नव्हती. तारेतून बिट येत होते आणि डब्यात बाइट पडत होते.

मोबाइलच्या बाबतीत हा भेद आणखीच बोचतो. 'रोज दीड जीबी' अशी योजना आपण घेतो. हा जीबी बाइटांचा. वेग सांगितला जातो तो बिटांचा. मोबाइलला खरोखरच शंभर मेगाबिटांचा वेग मिळाला, तर दिवसाचा दीड गिगाबाइटांचा शिधा किती वेळात संपेल? अवघ्या दोन मिनिटांत! घरातली मुले सकाळीच "नेट संपले" म्हणून तोंड पाडून बसतात, त्यामागे हेही एक गणित असते.

आता यात मराठी वाचकाची अडचण इंग्रजी वाचकापेक्षा मोठी आहे, ती कशी ते पाहा. इंग्रजी छापील मजकुरात निदान थोरले-धाकटे अक्षर डोळ्यांना दिसते. देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल असा भेदच नाही. हा आपल्या लिपीचा दोष नव्हे. तिला त्याची कधी गरजच पडली नाही. परंतु रोमन संक्षेप उच्चारून तसेच देवनागरीत उतरवले की मेगाबिटही 'एमबी' आणि मेगाबाइटही 'एमबी'. आठपटीचा भेद छपाईच्या शाईत बुडून जातो. मराठी जाहिरात वाचणाऱ्याने, किंवा दुकानदाराच्या तोंडून नुसते ऐकणाऱ्याने, थोरला कोणता आणि धाकटा कोणता हे ओळखायचे कसे?

फ्रेंच लोकांनी यातून एक छान वाट काढली. ते बाइटाला 'ऑक्टेट' म्हणतात, म्हणजे अष्टक. त्यामुळे त्यांच्या संक्षेपात 'बी'ऐवजी 'ओ' येतो. पॅरिसच्या दुकानात डिस्कवर 'जीओ' असे लिहिलेले असते. बिटाशी गल्लत होण्याचा प्रश्नच उरत नाही.

एका अक्षराच्या लहानमोठेपणाने केवढा अनर्थ होतो याचे दुसरे उदाहरण 'एम'चे. मापांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत कॅपिटल एम म्हणजे मेगा, दहा लाख. आणि स्मॉल एम म्हणजे मिली, एक सहस्रांश. दोघांत अब्जपट अंतर! घाईत कोणी दोन्ही अक्षरे धाकटी लिहिली, तर काटेकोर अर्थाने 'शंभर मिलिबिट' असे होते. म्हणजे एका पणतीचा दहावा भाग. पेटलेली किंवा विझलेली यापलीकडे जिला अवस्था नाही, त्या पणतीचा दहावा भाग कसा पेटवायचा हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक!

किलोची दोन मापे

आता नातू आणि नात यांच्या भांडणाकडे वळू. 'किलो' हा उपसर्ग ग्रीक भाषेतल्या 'हजार' या अर्थाच्या शब्दावरून फ्रान्समध्ये १७९५ साली मापनात आणला गेला. किलोमीटर म्हणजे हजार मीटर, किलोग्रॅम म्हणजे हजार ग्रॅम. १९६० साली आंतरराष्ट्रीय मापनपद्धती ठरली तेव्हा तीत मेगा, गिगा आणि टेरा यांना स्थान मिळाले. मेगा म्हणजे थोर, गिगा म्हणजे महाकाय आणि टेरा म्हणजे चक्क राक्षस! प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या हजारपट. इथपर्यंत सारे सरळ आहे आणि नातवाचे म्हणणे खरे आहे.

पण संगणकाची मेमरी बांधणाऱ्या लोकांपुढे अडचण वेगळी होती. एका चाळीत पुष्कळ खोल्या आहेत आणि कोणती खोली उघडायची हे बाहेरून तारांनी सांगायचे आहे, अशी कल्पना करा. एका तारेने दोन खोल्यांचा पत्ता सांगता येतो, दोन तारांनी चार, तीन तारांनी आठ. प्रत्येक तार वाढली की खोल्या दुप्पट. दहा तारा झाल्या की १०२४ खोल्या होतात. नेमक्या एक हजार खोल्या बांधल्या तर चोवीस पत्ते फुकट जाणार! म्हणून मेमरी १०२४ च्याच हिशेबाने बांधली जाऊ लागली. हा आकडा हजाराच्या इतका जवळ आहे की लोकांनी त्यालाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली. फरक अडीच टक्क्यांच्या आत. कोण लक्षात घेतो? नातीचे म्हणणे हेच.

हे व्हायला नको होते असे सांगणारे लोक तेव्हाही होते. डोनाल्ड मॉरिसन यांनी १९६८ साली एका संगणकविषयक नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले होते, की १०२४ साठी 'कप्पा' हे ग्रीक अक्षर वापरावे, म्हणजे किलोशी त्याचा गोंधळ होणार नाही. सूचना चांगली होती. पण चालती गाडी थांबवून चाक कोण बदलतो?

कर्जाचे व्याज जसे चक्रवाढीने वाढते तसा हा फरक प्रत्येक पायरीवर वाढत गेला. किलोला २.४ टक्के, मेगाला सुमारे ४.९ टक्के, गिगाला ७.४ टक्के आणि टेराला जवळजवळ १० टक्के. एक जीबी म्हणजे नातवाच्या हिशेबाने १०० कोटी बाइट. नातीच्या हिशेबाने १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. मेमरी हजारांत मोजली जात होती तोवर ज्या फरकाकडे कानाडोळा करता आला, तो अब्जांत आणि त्याच्याही पलीकडे गेल्यावर डोळ्यांत खुपू लागला.

आणि बाजाराची रीत तर पाहा! मोबाइलच्या खोक्यावर एकाच ओळीत '८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज' असे लिहिलेले असते. यांतला रॅमचा जीबी १०२४ च्या हिशेबाचा आणि साठवणीचा जीबी हजाराच्या हिशेबाचा. एका ओळीत दोन निरनिराळे शेर!

हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह विकणारे हजाराचा हिशेब धरतात. विंडोज ही संगणकप्रणाली मात्र १०२४ ने भागते आणि तरीही 'जीबी' असेच लिहिते. परिणामी ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घरी लावला की पडद्यावर ६० सुद्धा पुरते दिसत नाहीत आणि एक टेराबाइटची डिस्क ९३१ जीबीची निघते. ॲपल कंपनीने २००९ साली आपल्या संगणकांवर हजाराचा हिशेब सुरू केला. तिथे तीच डिस्क हजार जीबीची दिसते. डिस्क तीच, बाइट तितकेच. मोजणाराची काठी तेवढी बदलली.

'ग्राहकाची फसवणूक होते' म्हणून अमेरिकेत याचे खटलेही झाले. वेस्टर्न डिजिटल या कंपनीने असा दावा २००६ साली तडजोडीने मिटवला; २००७ साली सीगेट कंपनीने तेच केले. पुढे कंपन्या शहाण्या झाल्या आणि वेष्टनावर बारीक अक्षरांत 'एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट' असे छापू लागल्या. त्यामुळे २०२० साली कॅलिफोर्नियातील न्यायालयाने सॅनडिस्क कंपनीविरुद्धचा असाच दावा फेटाळून लावला. म्हणजे कायद्याने नातवाच्या बाजूने कौल दिला; पण नातीच्या संगणकावरचा आकडा काही त्यामुळे बदलला नाही.

दोन हिशेब झाले, तिसराही आहे! ज्यांनी १९९० च्या सुमारास संगणक हाताळला त्यांना साडेतीन इंची फ्लॉपी आठवत असेल. तिच्यावर १.४४ एमबी असे लिहिलेले असे. तिच्यात प्रत्यक्षात १४ लाख ७४ हजार ५६० बाइट मावत. हजाराच्या हिशेबाने ते १.४७ एमबी होतात आणि १०२४ च्या हिशेबाने १.४१ होतात. मग १.४४ आले कुठून? तर १०२४ बाइटांचा एक केबी धरला आणि तसल्या हजार केबींचा एक एमबी! एक हात या काठीने मोजला आणि दुसरा त्या काठीने.

एकोणपन्नास केबीची सही

कोणी म्हणेल, थोडीशी जागा कमी भरली म्हणून काय बिघडले? लोक काही बाइट मोजायला बसत नाहीत. बिघडते ते कसे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला एका शिष्यवृत्तीसाठी ऑनलाइन अर्ज भरायचा होता. वडील रोजंदारीवर काम करणारे. मुलीला सोबत म्हणून त्यांनी त्या दिवशीचा खाडा केला होता आणि दोघे सकाळपासून गावातल्या एका सायबर कॅफेत बसली होती. अर्जात लिहिले होते, 'सहीची प्रतिमा ५० केबीपेक्षा मोठी नसावी.' मुलीच्या सहीची फाइल पडद्यावर ४९ केबीची दिसत होती. तरी अर्ज ती स्वीकारीना. 'फाइल मोठी आहे' एवढेच लाल अक्षरांत उमटे. कॅफेवाल्याने सांगितले, "वरूनच गडबड आहे, उद्या या." पण मुदत त्याच रात्री संपत होती. प्रत्येक खेपेला तासाचे पैसे चढत होते. बापाच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता : एकोणपन्नास हे पन्नासांपेक्षा मोठे कधीपासून झाले?

संध्याकाळी ती दोघे कॉलेजात आली. आमच्या संगणक-प्रयोगशाळेतल्या सहायकाने फाइलीचे नेमके बाइट काढून दाखवले. ते होते ५०,१५०. कॅफेतल्या संगणकाने त्यांना १०२४ ने भागून '४९ केबी' म्हटले होते. अर्जाची व्यवस्था रचणाऱ्याने ५० केबी म्हणजे ५०,००० बाइट धरले होते. दीडशे बाइट जास्त! म्हणजे देवनागरीतली पन्नास चिन्हे. एक पुरते वाक्यसुद्धा नव्हे. सहायकाने फाइल जरा लहान केली आणि अर्ज गेला. पण त्या कामासाठी एका माणसाची दिवसाची मजुरी बुडाली आणि एका हुशार मुलीचे वर्ष दीडशे बाइटांवर टांगून राहिले. ज्यांच्या गावात असा जाणकार सहायक नव्हता, त्यांनी 'वरूनच गडबड आहे' असे मानून घरची वाट धरली असेल, त्यांची दाद कोणाकडे लागणार?

अर्जात 'केबी' या शब्दाच्या पुढे '५०,००० बाइट' एवढे लिहिले असते तर हा सारा प्रसंग टळला असता.

रुपयाने काय केले होते?

असा पेच आपल्या देशात पूर्वी एकदा आला होता आणि तो आपण मोठ्या शहाणपणाने सोडवला होता, याची आज कोणाला आठवण राहिलेली नाही.

आजोबांच्या लहानपणीचा रुपया सोळा आण्यांचा होता. आण्याचे पैसे चार, म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट. अर्धा रुपया अधेली, पाव रुपया पावली, त्याच्या निम्मी चवली. प्रत्येक वेळी दोन भाग करीत खाली उतरायचे. संगणकाची मेमरीही अगदी अशीच दुपटी-निमपटीने चालते. म्हणजे नवलाची गोष्ट अशी की संगणकाच्या पोटातला हिशेब आजोबांच्या रुपयासारखा आहे आणि बाजारातला हिशेब नातवाच्या रुपयासारखा!

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. आता 'पैसा' या एका नावाची दोन मोले झाली : जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग आणि नवीन पैसा शंभरावा. दोन्ही नाणी एकाच वेळी बाजारात खुळखुळत होती. सरकारने काय केले? नव्या नाण्यावर 'नया पैसा' असे छापले. एक विशेषण लावले, आणि भाजीवालीलासुद्धा कळले की 'नये पैसे' म्हणजे कोणते. पुढे जुने पैसे व्यवहारातून गेले, संशयाला जागा उरली नाही, तेव्हा १९६४ साली 'नया' हा शब्द काढून टाकला. जोवर दोन मापे एकत्र नांदतात तोवर नावात भेद ठेवायचा आणि एक गेले की तो भेदही सोडायचा. वजनांच्या बाबतीत तर याहून सोपे झाले. शेर गेला आणि किलो आला. नावच नवे असल्यामुळे कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. उलट शेराच्या अमदानीत कच्चा शेर आणि पक्का शेर असे दोन असत, पण निदान 'कच्चा' आणि 'पक्का' असे शब्द तरी गिऱ्हाइकाच्या तोंडी होते!

संगणकाच्या जगात असा 'नया' शब्द निघालाच नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिकी आयोगाने १९९८ च्या डिसेंबरात ठरवले की किलो, मेगा, गिगा ही नावे हजाराच्याच हिशेबाला राहू द्यावीत आणि १०२४ च्या हिशेबाला किबी, मेबी, गिबी, टेबी अशी नवी नावे द्यावीत. 'बी' हा त्यातला शेवटचा अवयव 'बायनरी'चा, म्हणजे द्विमानाचा. व्यवस्था निर्दोष आहे. लिनक्ससारख्या प्रणालींतल्या अनेक साधनांनी ती स्वीकारली. परंतु बाजाराने आणि विंडोजने तिच्याकडे पाठ फिरवली, आणि ऐकणाऱ्यांनाही 'किबी-मेबी' हे शब्द बाळाच्या बोबड्या बोलांसारखे वाटले. रुपयाच्या मागे सरकार होते. नाणे पाडणारा एकच होता. मेमरी विकणारे हजार, मोजणारे हजार. 'नया' शब्द छापायची सक्ती कोण कोणावर करणार?

आपल्या हातात काय आहे?

मग सामान्य कुटुंबाने करायचे काय? चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जोडणीचा वेग सांगितला की आठाने भागावे. येईल तो आकडा फाइलींच्या हिशेबाचा. डिस्क किंवा पेन ड्राइव्ह घेताना खोक्यावरच्या जीबीतले शेकडा सात विंडोजवर कमी दिसणार असे धरूनच चालावे. टेराबाइटला शेकडा नऊ. त्यात दुकानदाराशी भांडण्याजोगे काही नाही. ऑनलाइन अर्जात ५० केबी सांगितले असतील तर आपली फाइल ४५ च्या आत ठेवावी. म्हणजे अर्ज रचणाऱ्याचा किलो कोणताही असो, आपले काम अडत नाही. आणि मुलांना हजार खरे की एक हजार चोवीस खरे, असे परीक्षेत विचारण्याऐवजी 'कोठे हजार आणि कोठे एक हजार चोवीस' असे विचारावे. वर्गातल्या उत्तराला गुण मिळतीलच. बाहेरच्या व्यवहारातही ते उपयोगी पडेल.

पाचवी गोष्ट मात्र मराठी लिहिणाऱ्यांसाठी आहे : वर्तमानपत्रे, जाहिराती, पाठ्यपुस्तके आणि अर्ज तयार करणारी कार्यालये यांच्यासाठी. इंग्रजीत संक्षेप करतात तो जागा वाचावी म्हणून. मेगाबाइट हा शब्द रोमन लिपीत लिहायला आठ अक्षरे लागतात, संक्षेपाला दोन. बचत मोठी आहे. मराठीत काय होते? 'एमबी' ही तीन अक्षरे. 'मेगाबिट' चार. 'मेगाबाइट' पाच. म्हणजे एका-दोन अक्षरांच्या बचतीसाठी आपण आठपटीचा घोटाळा विकत घेतो! तेव्हा मराठीत हे शब्द पुरतेपणी लिहावेत. धाकटा असेल तिथे 'बिट' म्हणावे आणि थोरला असेल तिथे 'बाइट' म्हणावे. जिथे एक-एक बाइट मोजला जाणार असेल, तिथे आकडाच द्यावा.

'एमबी'ऐवजी 'मेगाबाइट' लिहिल्याने संगणकाच्या मेमरीत किती जागा जास्त खर्च होईल, तेही मोजून पाहिले आहे. एकंदर बारा बाइट. थोरल्या 'बी'चे. एवढी उधळपट्टी कोणत्याही घराला परवडण्याजोगी आहे.